डेमोतल्या समुद्रात मासे असतातच

मासे शोधणाऱ्या यंत्रात, म्हणजे फिश फाइंडरमध्ये, विक्रेत्याला फार उपयोगी पडणारी एक सोय असते. यंत्र बोटीवर बसवायचं नाही, त्याचा सेन्सर पाण्यात सोडायचा नाही. दुकानाच्या काउंटरवर वीज जोडून ‘डेमो’ किंवा ‘सिम्युलेटर’ मोड लावला की पडद्यावर समुद्राचा तळ सरकू लागतो, खोलीचे आकडे बदलतात आणि तळाच्या वर माशांच्या कमानी उमटत राहतात. फुरुनो, गार्मिन, लॉरन्स अशा नावाजलेल्या कंपन्यांच्या यंत्रांत ही सोय मिळते. पालघर किनाऱ्यावरच्या सातपाटीच्या एखाद्या तांडेलाने असं यंत्र घ्यायचं ठरवलं, तर त्याची यंत्राशी पहिली ओळख या कोरड्या समुद्रातच होण्याची शक्यता जास्त. त्या समुद्रात इंजिनाची थरथर नसते, भरतीच्या जोराने ढवळलेला गाळ नसतो आणि मासे मात्र हमखास असतात.

खऱ्या समुद्राचा हिशेब वेगळा आहे. सातपाटीचं नाव ज्या पापलेटमुळे झालं, त्याला सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राने राज्यमासा घोषित केलं. या सन्मानामागे आनंदापेक्षा काळजी जास्त होती. पापलेटची आवक घटत चालली आहे आणि कोवळी मासळीच जाळ्यात येते, हे मच्छीमार सांगत होते आणि शास्त्रज्ञही. चंदेरी पापलेट किमान 135 मिलिमीटर लांबीचं झाल्याशिवाय पकडू नये, अशी मर्यादा आली ती यातूनच. पडद्यावरची कमान पापलेटची की आणखी कशाची, मोठ्या मासळीची की पिल्लांची, हे साधं फिश फाइंडर खात्रीने सांगू शकत नाही. डेमोत हा प्रश्न कुणाला पडतही नाही.

विकत घेण्याआधी वस्तूची हाताळता येणारी प्रतिकृती ग्राहकासमोर ठेवायची, त्याला बटणं दाबू द्यायची, रंग बदलू द्यायचे, आकडे भरू द्यायचे, हा विक्रीचा मार्ग गेल्या दशकभरात झपाट्याने रुळला. इंटरअ‍ॅक्टिव्ह प्रॉडक्ट सिम्युलेशन असं भारदस्त नाव असलेला हा प्रकार आता चष्म्यापासून फ्लॅटपर्यंत सगळीकडे आहे. तो किती उपयोगी, कुठे फसवा, कायदा त्याच्याकडे कसा बघतो आणि आपल्याकडच्या छोट्या विक्रेत्याने त्याचं काय करावं, याचा हा आढावा. त्यासाठी पालघर तालुका सोयीचा आहे. सातपाटीचं मासेमारी बंदर, तारापूरची औद्योगिक वसाहत, अणुवीज केंद्र आणि बोईसरच्या नव्या इमारती, असे चार वेगळे बाजार या एका तालुक्यात आहेत आणि चौघांचा प्रतिकृतीशी असलेला संबंध वेगवेगळा आहे.

प्रात्यक्षिकाकडून प्रतिकृतीकडे

वस्तू दाखवून विकण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनीच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा समज शेतकऱ्यांत होता आणि नांगराला गिऱ्हाईक मिळता मिळत नव्हतं. अशा समजापुढे जाहिरातीचा मजकूर लंगडा पडतो. नांगरलेल्या शेतात उभं राहिलेलं पीकच काय ते बोलतं. पुढे 1982 मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सने टाय लावलेले विक्रेते घरोघर पाठवले. व्हॅक्यूम क्लीनर फिरवून गृहिणीच्याच गादीतली, तिच्याच गालिच्यातली धूळ ते तिला काढून दाखवत. त्या धुळीवर अविश्वास कसा दाखवणार?

या दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान होती. वस्तू खरी होती आणि परीक्षेची जागा ग्राहकाची होती: त्याचं शेत, तिची गादी. नांगराचा फाळ दगडाला अडला असता, यंत्र भर बैठकीत बंद पडलं असतं, तर ते सगळ्यांना दिसलं असतं. म्हणजे प्रात्यक्षिक फसण्याचा धोका विक्रेत्याने पत्करलेला होता. प्रतिकृतीत नेमका तोच धोका नाहीसा होतो. तिथे वस्तूही विक्रेत्याची, शेतही विक्रेत्याचं आणि पाऊस कधी पडायचा तेही त्यानेच ठरवलेलं. ग्राहकाच्या हातात बटणं येतात; नियम मात्र विक्रेत्याकडेच राहतात.

दिसणं, जुळवणं, वागणं

बाजारात आज दिसणाऱ्या प्रतिकृतींचे ढोबळ तीन प्रकार पडतात.

पहिल्या प्रकारात फक्त रूप दाखवलं जातं. भिंतीचा फोटो टाकून तिच्यावर रंग चढवून बघण्याची सोय एशियन पेंट्ससारख्या कंपन्या देतात. लेन्सकार्टच्या अ‍ॅपवर चेहऱ्यावर चष्मा चढवता येतो, कॅरेटलेनवर कानातलं. आयकियाने 2017 मध्ये ‘प्लेस’ हे अ‍ॅप आणलं, त्यात फोनच्या कॅमेऱ्यातून आपल्याच खोलीत सोफा ठेवून बघता येई. मोजमापाची अचूकता 98 टक्के असल्याचा कंपनीचा दावा होता. त्याच आयकियाने डिसेंबर 2020 मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला अवाढव्य दुकानही उघडलं, हे विसरू नये. सोफा खोलीत मावतो का, याचं उत्तर फोन देतो. तो बसायला कसा आहे, याचं उत्तर द्यायला अजून दुकानच लागतं.

दुसऱ्या प्रकारात ग्राहक वस्तूची जुळवणी करतो: गाडीचं मॉडेल, इंधन, रंग, आतली सजावट एकेक करून निवडतो. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 ची नोंदणी 7 ऑक्टोबर 2021 रोजी उघडली आणि 57 मिनिटांत 25,000 गाड्या नोंदल्या गेल्या. 30 जुलै 2022 रोजी स्कॉर्पिओ-एनची तेवढीच नोंदणी एका मिनिटात झाली आणि अर्ध्या तासात आकडा लाखाला टेकला. आवडीची गाडी आधीच जुळवून ‘कार्ट’मध्ये ठेवण्याची सोय त्या वेळी दिलेली होती. मनात पक्की झालेली गाडी घेऊनच लोक रांगेत उभे होते. पुढे गाडी दारात यायला अनेकांना कित्येक महिने लागले. रंग आणि चाकं निवडता येणाऱ्या पानावर ती वाट बघणं हाताळून बघायची सोय नसते.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड, कारण त्यात वस्तूचं वागणं दाखवायचं असतं. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या रसायन कारखान्याला पंप घ्यायचा असेल तर तासाला किती घनमीटर द्रव, किती मीटर उंचीवर, किती घनतेचा, हे आकडे पंप कंपनीच्या संगणकीय निवड-प्रणालीत भरले जातात. पडद्यावर पंपाचा आलेख येतो, कामाचा बिंदू त्यावर कुठे बसतो ते दिसतं, आणि आकडे चुकीचे भरले तर पंप कार्यक्षमतेच्या पट्ट्याबाहेर जातो तेही दिसतं. स्वयंचलित नियंत्रणासाठीचे पीएलसी प्रत्यक्ष खरेदी करण्याआधी त्यांचा प्रोग्रॅम सिमेन्सच्या पीएलसीसिमसारख्या प्रणालीवर चालवून बघता येतो. अख्ख्या रासायनिक प्रक्रियेचं अनुकरण करणारी डीडब्ल्यूसिम ही मुक्त प्रणाली तर फुकट मिळते आणि आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प तिचा देशभर प्रसार करतो.

तिन्ही प्रकारांत तिसरा ग्राहकाच्या सर्वाधिक कामाचा आहे आणि फसवणुकीला वावही त्यातच सर्वाधिक. कारखान्यात बहुधा फसवणूक होत नाही, कारण समोर बसलेला इंजिनिअर आकडे स्वतः भरतो, आलेख वाचतो आणि पंप तसा चालला नाही तर कंपनीला कागदावर धरतो. घरगुती ग्राहकाकडे यांतलं काहीच नसतं. टीव्हीचंच बघा. नवा टीव्ही सुरू करताना तो ‘घर’ की ‘दुकान’ असं विचारतो. ‘दुकान’ निवडलं की उजेड आणि रंग कमाल पातळीवर जातात, कारण शोरूमच्या लखलखाटात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसायचं असतं. बोईसरच्या शोरूममध्ये डोळ्यांत भरलेलं चित्र घरी तसं दिसत नाही, तेव्हा टीव्हीत काही बिघडलेलं नसतं. दुकानात आपण टीव्हीचा दुकानी अवतार बघितलेला असतो, एवढंच.

संशोधन काय सांगतं

या विषयावर वीस-पंचवीस वर्षांचं अभ्याससाहित्य आहे आणि त्याचा सूर पूर्ण उत्साहाचाही नाही, पूर्ण संशयाचाही नाही.

सुरुवातीचे निष्कर्ष विक्रेत्यांना सुखावणारे होते. हैरोंग ली, टेरी डॉहर्टी आणि फ्रँक बायोका यांनी 2002 मध्ये ‘जर्नल ऑफ अ‍ॅडव्हर्टायझिंग’मध्ये मांडलं की फिरवून बघता येणारी त्रिमितीय वस्तू साध्या चित्रापेक्षा जास्त ‘समोर असल्यासारखी’ वाटते. त्यामुळे वस्तूची माहिती, ब्रँडबद्दलचं मत आणि खरेदीची इच्छा, तिन्ही सुधारतात. पडद्याला होणाऱ्या स्पर्शाचाही परिणाम होतो. अ‍ॅडम ब्रासेल आणि जेम्स गिप्स यांना 2014 मध्ये असं आढळलं की तीच वस्तू माउसने निवडण्यापेक्षा बोटाने पडद्यावर निवडली, तर ती आपली झाल्याची भावना वाढते आणि ती सोडायला माणूस जास्त किंमत मागतो. आज ऑनलाइन खरेदीचा मोठा भाग फोनवर अंगठा फिरवूनच होतो, हे लक्षात घेतलं म्हणजे या निष्कर्षाचं वजन कळतं.

सगळ्यांनी वाचावा असा निबंध मात्र वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अ‍ॅन श्लॉसर यांचा आहे, 2006 मधला, ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’मधला. वस्तू पडद्यावर हाताळून बघितलेल्या लोकांना तिचे खरे गुण जास्त चांगले लक्षात राहिले. त्याच लोकांना तिच्यात नसलेले गुणही ‘आठवले’. हाताळण्याने मनात जिवंत चित्रं तयार होतात. काही काळाने स्वतः कल्पिलेलं आणि खरोखर बघितलेलं यांची सरमिसळ होते. नुसती चित्रं आणि मजकूर बघणाऱ्यांत ही खोटी आठवण कमी होती. म्हणजे विक्रेत्याने एकही खोटा शब्द न बोलता ग्राहक स्वतःच खोट्या अपेक्षा बांधू शकतो. जाहिरातीतला खोटा दावा पकडता येतो. प्रतिकृतीने मनात उभा केलेला खोटा दावा कुठे लिहिलेलाच नसतो, मग पकडणार काय?

याला जोड द्यावी ती डेबोरा थॉम्पसन, रेबेका हॅमिल्टन आणि रोलंड रस्ट यांच्या 2005 च्या निष्कर्षाची. वापरण्याआधी लोक जास्त सोयी असलेली वस्तू निवडतात. वापरल्यानंतर त्याच सोयींचा त्यांना कंटाळा येतो आणि सोपी वस्तू बरी वाटू लागते. दहा मिनिटांच्या डेमोत सोयींची यादी दिसते, कंटाळा दिसत नाही.

विक्री खरंच वाढते का, याचं मोजूनमापून दिलेलं उत्तर 2022 मध्ये ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये आलं. एका आंतरराष्ट्रीय सौंदर्यप्रसाधन विक्रेत्याच्या अ‍ॅपवरची माहिती तपासून तान, चंदुकला आणि रेड्डी यांनी दाखवलं की चेहऱ्यावर लावून बघण्याच्या सोयीने विक्रीला मदत होते; त्यातही कमी खपणाऱ्या ब्रँडला आणि ऑनलाइन खरेदीला नवख्या ग्राहकाच्या बाबतीत जास्त. हे तर्काला धरून आहे. जिथे मनात शंका जास्त, तिथे करून बघण्याचं मोल जास्त. अनोळखी छोट्या उत्पादकासाठी ही आशेची बाब आहे. नवख्या ग्राहकावरच प्रतिकृतीचा प्रभाव सर्वाधिक पडतो, ही सावध होण्याचीही बाब आहे.

बिघाडासाठीच बनवलेली प्रतिकृती

आता तारापूरच्या अणुवीज केंद्राकडे वळू. 28 ऑक्टोबर 1969 पासून इथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी व्यापारी वीजनिर्मिती सुरू केली. 540 मेगावॅटच्या आणखी दोन 2005 आणि 2006 मध्ये आल्या. अणुवीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात बसणाऱ्या माणसाच्या शिक्षणात सिम्युलेटर हा अटळ टप्पा असतो. तिथे हुबेहूब तसाच कक्ष असतो, तेच दिवे, तीच बटणं. पलीकडे अणुभट्टीच्या जागी संगणक.

इथेही प्रतिकृतीच आहे, पण तिचा हेतू दुकानातल्या प्रतिकृतीच्या नेमका उलटा आहे. प्रशिक्षक मुद्दाम पंप बंद पाडतो, झडप अडकवतो, वीज घालवतो आणि शिकणारा काय करतो ते बघतो. सगळं सुरळीत चालल्याचं दाखवणारा सिम्युलेटर इथे निरुपयोगी ठरेल. विमानचालकांसाठी एडविन लिंकने 1929 मध्ये बनवलेल्या पहिल्या ‘ट्रेनर’पासून या परंपरेचं सूत्र हेच राहिलं आहे: जिथे चूक परवडते, तिथे चुका करून घ्याव्यात.

या परंपरेनेही आपला धडा महाग किमतीत घेतला. 28 मार्च 1979 रोजी अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या केंद्रात एक झडप उघडी अडकली. नियंत्रण कक्षातल्या दिव्यावरून मात्र ती बंद असल्यासारखी वाटत होती, कारण झडपेला ‘बंद हो’ हा आदेश गेला एवढंच तो दिवा सांगत होता, झडप खरंच बंद झाली का ते नाही. पुढे केमेनी आयोगाच्या चौकशीत असंही निघालं की ऑपरेटर ज्या सिम्युलेटरवर शिकले होते, त्यात अशी परिस्थिती कधी बसवलेलीच नव्हती. त्या अपघातानंतर जगभरात त्या-त्या केंद्राशी तंतोतंत जुळणाऱ्या सिम्युलेटरवर भर वाढला.

विक्रीच्या प्रतिकृतींना हाच निकष लावायला हवा असं मला वाटतं. प्रतिकृती किती सुंदर आहे, किती पिक्सेलची आहे, यावर तिची किंमत ठरवू नये. ती काय-काय बिघडू देते, ग्राहकाला कुठली चूक करू देते आणि त्या चुकीचा परिणाम दाखवते का, यावर ठरवावी. पंपाच्या आलेखाला हे जमतं. फिश फाइंडरच्या डेमोला जमत नाही. बाकीच्या बाजाराची प्रतवारी या दोघांच्या मध्ये कुठेतरी लागते.

बोईसरचा सॅम्पल फ्लॅट

आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी आपण सगळ्यात फसव्या प्रतिकृतीवरून करतो. बोईसरजवळ टाटा हाउसिंगने 2009 मध्ये ‘शुभ गृह’ योजना जाहीर केली, तेव्हा चार लाखांच्या आत सुरू होणाऱ्या किमतीने मुंबईभर चर्चा झाली होती. 2013 मध्ये डहाणू रोडपर्यंत लोकल धावू लागली आणि पालघर-बोईसरच्या शेतांमध्ये कमानी, झेंडे आणि सॅम्पल फ्लॅट दिसू लागले. आता त्यांच्या जोडीला चष्मा लावून फिरायचा आभासी फ्लॅट आला आहे.

सॅम्पल फ्लॅटच्या युक्त्या बांधकाम व्यवसायात सगळ्यांना ठाऊक आहेत. पलंग नेहमीपेक्षा आखूड, कपाटं उथळ, आतले दरवाजे काढलेले, मधल्या भिंतीच्या जागी काच, छतात दिव्यांची रांग. यांतलं काहीही खोटं नसतं, तरी परिणाम खोटा असतो. आभासी फ्लॅटमध्ये तर खिडकीबाहेर काय दिसावं तेही निवडता येतं. समोरच्या प्लॉटवर उद्या उभी राहणारी इमारत तिथे कधीच उभी राहत नाही, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येत नाही आणि संध्याकाळची लोकल उशिरा धावत नाही.

या बाबतीत कायदा पुढे गेलेला आहे, ग्राहकांना त्याची माहिती मात्र कमी. स्थावर संपदा कायद्याच्या, म्हणजे रेराच्या, बाराव्या कलमात जाहिरात आणि माहितीपत्रकाबरोबरच नमुना सदनिकेचाही स्पष्ट उल्लेख आहे. नमुन्यावर विसंबून पैसे भरले आणि त्यातल्या चुकीच्या किंवा खोट्या माहितीमुळे नुकसान झालं, तर भरपाई मिळू शकते. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत मागता येतात. राज्याचं रेरा प्राधिकरण, म्हणजे महारेरा, 1 मे 2017 पासून कामाला लागलं आणि 1 ऑगस्ट 2023 पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड बंधनकारक झाला. तो कोड स्कॅन केला की चटईक्षेत्र, मंजूर नकाशे, ताबा देण्याची तारीख, अशी रुक्ष माहिती उघडते. आभासी फ्लॅटमधून फिरून आल्यावर पाच मिनिटं या रुक्ष पानावर घालवणं फायद्याचं. प्रतिकृतीत पावलं मोजता येत नाहीत, नकाशावर फूट मोजता येतात.

बर्फाच्या पेटीचा हिशेब

सातपाटीला खरोखर उपयोगी पडेल अशी प्रतिकृती कशी असावी? बर्फाच्या पेटीचं उदाहरण घेऊ. पफ, म्हणजे उष्णतारोधक फोम, भरलेली, जाड भिंतींची पेटी विकणाऱ्याने फोनवर एक साधं गणित दिलं: मासळी किती किलो, बाहेरचं तापमान किती, मग बर्फ किती लागेल ते बघा.

शास्त्र सोपं आहे. 1 किलो बर्फ वितळताना साधारण 334 किलोज्यूल उष्णता शोषतो. 1 किलो मासळी 28 अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे 98 किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे किलोमागे 300 ग्रॅमच्या आसपास बर्फ पुरला. पडद्यावर हा आकडा आला तर तो चुकीचा ठरवता येणार नाही, आणि त्यावर विसंबलेल्या नाखवाची मासळी मात्र खराब होईल. कारण हा बर्फ फक्त मासळी एकदा गार करण्यापुरता आहे. पेटीच्या भिंतींतून आत येणारी उष्णता, दर वेळी झाकण उघडल्यावर शिरणारी गरम हवा, बर्फ कारखान्यातून बोटीवर येईपर्यंतची गळती, उन्हात गेलेले तास, यांतलं काहीच त्यात नाही. म्हणूनच उष्ण प्रदेशात मासळीइतकाच बर्फ घ्यावा, म्हणजे किलोला किलो, असा व्यवहारातला नियम आहे.

प्रामाणिक प्रतिकृती ही तफावतच दाखवेल. झाकण दिवसातून किती वेळा उघडणार? बोट किती दिवस बाहेर राहणार? पेटीच्या कडेला चीर पडली तर? हे आकडे बदलताना बर्फ कितव्या दिवशी संपतो ते नाखवाला दिसेल. इथे विक्रेत्याचंही नुकसान नाही. चांगली पेटी आणि साधी थर्माकोलची पेटी यांतला फरक पहिल्या दिवशी कळतच नाही. तो चौथ्या-पाचव्या दिवशी, झाकण वीस वेळा उघडल्यावर कळतो. ज्याचा माल खरोखर चांगला आहे, त्याच्यासाठी बिघाड दाखवणारी प्रतिकृती हीच सगळ्यात चांगली जाहिरात. बिघाड लपवण्याची गरज कुणाला असते, ते सांगायला नको.

सरकारी साधनांनाही हेच लागू होतं. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरच्या सभेत पंतप्रधानांनी एक लाख मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू केली. इस्रोच्या तंत्रज्ञानावर चालणारं हे उपकरण किनाऱ्यापासून दूर, मोबाइलचं नेटवर्क नसतानाही संदेश पोहोचवू शकतं. अशा उपकरणाचं बटण खलाशाने पहिल्यांदा खऱ्या वादळातच दाबावं, हे बरोबर नाही. बंदरावर, पावसाळ्याच्या बंदीच्या दोन महिन्यांत, संकटाचा खोटा संदेश पाठवून त्याचं उत्तर कसं येतं ते दाखवणारा सराव-मोड हवा. तो विक्रीसाठी लागत नाही म्हणून कुणी मागत नाही; पण ग्राहकाशी नातं टिकवणं म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं?

ग्राहक नसलेल्यांना दाखवलेली चित्रं

त्याच सभेत वाढवण बंदराची पायाभरणी झाली. 76,000 कोटींहून मोठा हा प्रकल्प, त्याला किनाऱ्यावरच्या मच्छीमार संघटनांचा दीर्घ विरोध आणि समर्थकांचा रोजगाराचा युक्तिवाद, हा वाद इथे सोडवायचा नाही. आपल्या विषयापुरतं त्यात एक सूत्र आहे. अशा बंदरांसाठी पुण्याजवळ खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा लाटा, प्रवाह आणि गाळ यांची प्रतिमानं तयार करते. ती खऱ्या अर्थाने सिम्युलेशन असतात: अमुक लांबीची भिंत घातली तर गाळ कुठे साचेल, किनारा कुठे सरकेल. दुसरीकडे कुठल्याही मोठ्या प्रकल्पाची संगणकावर रंगवलेली चित्रफीत असते, तिच्यात क्रेन हलतात, जहाजं लागतात, पाणी निळंशार असतं.

लोकांपर्यंत सहज पोहोचते ती दुसरी. पर्यावरण परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा हे 2006 च्या अधिसूचनेने बंधनकारक केलं आहे. पण प्रतिमानाचे आकडे गावकऱ्याला स्वतः बदलून बघता यावेत, असं कुठे म्हटलेलं नाही. जाळं टाकण्याची जागा कळीची असलेल्या माणसाला आपल्या जागेपाशी प्रवाह किती बदलेल, हे विचारता येईल असा पडदा जनसुनावणीत ठेवला, तर वाद मिटेल असं नाही. निदान दोन्ही बाजू एकाच समुद्राबद्दल बोलतील.

कायदा आणि भाषा

ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 2020 मध्ये स्थापन झालं. त्याने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातली एक तरतूद मराठी ग्राहकाने पाठ करावी अशी आहे: दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत. म्हणजे प्रतिकृतीत मराठीतून ‘दहा दिवस बर्फ टिकेल’ म्हटलं, तर ‘प्रयोगशाळेच्या परिस्थितीत’ ही टीप इंग्रजीत, बारीक अक्षरांत ढकलून चालणार नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये याच प्राधिकरणाने 13 ‘डार्क पॅटर्न’ची यादी जाहीर केली. खोटी घाई करणं, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, हे सगळं त्यात येतं. प्रतिकृतीच्या खेळात रंगलेला ग्राहक या सापळ्यांना जास्त सहज सापडतो.

दुसरी काळजी माहितीची. चष्मा चढवून बघताना चेहऱ्याची मापं जातात, सोफा ठेवून बघताना घराचा आतला भाग जातो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात 2008 पासून चेहरा, बोटांचे ठसे अशा जैविक माहितीसाठी वेगळा कायदा आहे आणि चेहऱ्यावर वस्तू लावून बघण्याच्या सोयी देणाऱ्या अनेक विक्रेत्यांवर त्याखाली खटले भरले गेले. आपला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. अंमल टप्प्याटप्प्याने होणार आहे. संमती मागणारी सूचना आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे, असं हा कायदा सांगतो. मराठी त्यात आहेच. ही सोय मागण्याची सवय मात्र आपल्याला लावून घ्यावी लागेल.

छोट्या विक्रेत्यासाठी

त्रिमितीय चित्रं, कॅमेऱ्यातून दिसणारा सोफा, आभासी वास्तवाचे चष्मे, हे सगळं पैशाचं काम आहे आणि बहुतेक छोट्या विक्रेत्यांना ते लागतही नाही. रूप दाखवणाऱ्या प्रतिकृतीचा फायदा जिथे रूपच विकलं जातं तिथे: दागिने, रंग, कापड. पालघर तालुक्यातल्या बहुतेक मालाचा प्रश्न वागण्याचा आहे. पेटी किती दिवस टिकेल, इंजिन किती डिझेल खाईल, सौर वाळवणी यंत्रात ढगाळ दिवशी बोंबील किती वेळात वाळतील, सांडपाण्यावरची प्रक्रिया उन्हाळ्यात कशी चालेल. याला लागतं ते चार आकडे भरायचं, मराठीत लिहिलेलं, स्वस्तातल्या फोनवरही चालणारं एक पान. मुंबईच्या आयआयटीत जाणारा पालघरचा एखादा विद्यार्थी किंवा तंत्रनिकेतनातला गट एका सुट्टीत ते करू शकेल.

ताजी मासळी अर्थातच या सगळ्याच्या पलीकडची. बाजारात कोळीण कल्ले उघडून दाखवते, गिऱ्हाईक अंगठ्याने दाबून बघतं, आणि व्यवहार ठरतो. ताजेपणाची प्रतिकृती करण्याच्या भानगडीत पडू नये. मासा कुठल्या बोटीचा, कधी धक्क्याला लागला, किती तास बर्फात होता, एवढं खरं सांगितलं तरी ऑनलाइन विक्रीत तो मोठा पल्ला ठरेल.

ग्राहकाच्या बाजूने बघायचं तर एकच सवय पुरे. डेमो देणारा गडबडून जाईल असा प्रश्न विचारायचा: हे बिघडलेलं दाखवा. गढूळ पाण्यात दाखवा, झाकण उघडं ठेवून दाखवा, नेटवर्क गेल्यावर दाखवा, तुमच्या पलंगाऐवजी आमच्या घरातल्या पलंगाचं माप टाकून दाखवा. ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला हा प्रश्न आवडतो, कारण त्यामुळेच तो शेजारच्या दुकानापेक्षा वेगळा ठरतो. ज्याच्याकडे नाही तो म्हणतो, ‘तशी सोय डेमोत नाही.’ मग खरेदी पुढच्या आठवड्यावर ढकलावी आणि तेच यंत्र वापरणाऱ्या शेजारच्या बोटीच्या तांडेलाला विचारून यावं. त्याने ते खऱ्या समुद्रात वापरलेलं असतं, आणि त्यातल्या खोडी सांगायला तो कमिशन घेत नाही.